टू बाय टू

इव्हेंटवाल्या मुलीने टॅबवर दाखवले
वर्खाचे डबे, मेणबत्त्या, काचेच्या बरणीतलं रोप,
माणशी एकशे ऐंशी, नावासकट दोनशे दहा.
आई म्हणाली, बघू.
धनकवडीत आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

ती गेल्यावर पलंगाखालून ट्रंक ओढली.
आत सत्तावीस वर्षांचे ब्लाउजपीस:
टू बाय टू, पॉपलीन, एक-दोन इरकली खण,
चौकोनी घडीत, टाचणीचा गंज कापडावर उतरलेला.
ओटीत आलेले, वास्तुशांतीत आलेले, चैत्रात आलेले,
आणि ज्यांचं कुणाचंच कधी ब्लाउज झालं नाही असे.
ऐंशी सेंटिमीटरमध्ये
कुणाचं ब्लाउज होतं, सांगा.

“जिचा तिला,” आई म्हणाली. “बटवे शिवू.”

मला वाटलं थट्टा. पण तिला पाठ होतं सगळं.
हा मोरपंखी बोकीलबाईंचा, तुझ्या बारशाचा.
हा तपकिरी (तपकिरी कोण देतं गं?)
हगवण्यांच्या थोरलीचा, भांडण मिटल्यावरचा.
नीट मिटलं नव्हतं, रंगावरून कळतं.
हा मीच पानसेवहिनींना दिलेला,
तीन घरं फिरून चार वर्षांनी माझ्याकडेच आला.
टाचणीसुद्धा माझीच.

मग अठरा रात्री मशीन.
बोहरी आळीतून नाडी आणली वजनावर.
बडीशेप, धणाडाळ, ओवा मी भाजायची मंद आचेवर,
बाबा चिठ्ठ्या लिहायचे बँकेतल्या अक्षरात:
कुणी दिला, कधी, कशासाठी.
“पुरुषांना काय?” त्यांनी मध्येच विचारलं.
“कागदाची पुडी,” आई दातांनी दोरा तोडत म्हणाली,
“तुम्ही कुठे कुणाला काय दिलं होतं!”

आमच्याकडच्या बायका चौऱ्याऐंशी.
खण त्र्याऐंशी.
पुन्हा मोजले. ट्रंक उलटी केली,
एक डांबरगोळी घरंगळत कपाटाखाली गेली.

तापकीर काकू. तिसरा मजला.
आई ऑफिसातून येईपर्यंत, पाच वर्षं,
ज्यांच्याकडे मी वरणभात खाल्ला, पाढे म्हटले,
ज्यांच्या मांडीवर माझा पहिला दात पडला
त्यांचा एकही नव्हता.

आठवावं लागलं नाही कुणालाच.
आम्ही इथे राहायला आलो
त्याच्या आदल्या वर्षी काका गेलेले.
दर जानेवारीत जिन्यात अत्तर दरवळायचं,
बायका वर-खाली, हसणं, काकणं,
आणि तिसऱ्या मजल्यावरचं एक दार आतून लावलेलं.
तिळाच्या वड्या आई माझ्या हाती पाठवायची,
स्टीलच्या डबीत, झाकून.
डबी कधी रिकामी परत आली नाही, साखर असायची तळाशी.
खण मात्र गेला नाही. आलाही नाही.

आई बराच वेळ बसून राहिली
मशीनच्या पायट्यावर नुसताच पाय ठेवून.
मग उठून तिचा शालू आणला,
मी रिसेप्शनला नेसणार होते तो.
आतल्या टोकाला कात्री नेली,
थांबली,
आणि पदर पुढे ओढला.
“अगं!” बाबा म्हणाले.
तोवर तळहाताएवढा चौकोन निघालाही होता.

चिठ्ठीवर बाबांचं पेन अडलं.
कुणी दिला, कधी, कशासाठी.
आईने पेन काढून घेतलं.
तिचं अक्षर वाईट आहे.
काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही.

सातारा रोडच्या कार्यालयात, पंगतीच्या कल्लोळात
बोकीलबाई ओरडल्या, “अगंबाई, हा माझाच की!”
मग सगळ्याच आपापला रंग ओळखत सुटल्या,
हगवणे थोरली तेवढी गप्प.
तापकीर काकूंनी बटवा घेतला,
न उघडता पर्समध्ये ठेवला,
चेन दोनदा ओढून पाहिली.
“मठ्ठा छान झाला होता,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी स्टेजवर निमिषच्या आत्याने
माझा पदर बोटांत धरला.
“हे काय गं, उंदराने?”

नाही, मी म्हटलं.
एक द्यायचा राहून गेला होता.